खेळ मुका झाला तेव्हा: एका श्राव्य आट्यापाट्याच्या स्थलांतराचं प्रकरण

पार्श्वभूमी

आम्ही दोघं. मी डोळस, नोकरी सांभाळून संध्याकाळी कोड लिहिणारा. जोडीदार जन्मापासून अंध, माझ्यापेक्षा चांगला प्रोग्रामर, आणि आवाजांच्या बाबतीत तर माझा गुरूच. २०१९ मध्ये आम्ही दृष्टिहीन मुलांसाठी एक मराठी खेळ करायला घेतला. इंग्रजीत नुसत्या आवाजावर चालणारे भरपूर खेळ आहेत, पण त्यांतल्या सूचना आठवी-नववीच्या मराठी माध्यमातल्या मुलांना जड जातात. आम्ही ज्या शाळेसाठी हे करत होतो तिथे एनव्हीडीए होतं. हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, २००६ पासून ऑस्ट्रेलियात घडत आला आहे आणि त्याच्यासोबत येणारा ई-स्पीक हा यांत्रिक आवाज मराठीही वाचतो. आवाज यंत्राचा, कोरडा, पण मुलांच्या कानाला सवयीचा.

खेळ म्हणून आट्यापाट्या निवडला तो जोडीदाराने. त्याचं कारण पुढे महत्त्वाचं ठरणार असल्याने सांगून ठेवतो. आट्यापाट्यात पाटी धरणारा गडी आपल्या पाटीवर फक्त डावीकडे-उजवीकडे पळतो. म्हणजे त्याच्या पावलांचा आवाज डाव्या कानातून उजव्या कानात आणि परत, एवढं दाखवता आलं की खेळ उभा राहतो. तो लांब टोकाला गेला की तुम्ही उडी मारून पाटी ओलांडायची. नऊ पाट्या ओलांडायच्या आणि परत फिरून लोण आणायचं. मधोमध उभी जाणारी सुरपाटी आम्ही पहिल्या आवृत्तीत सोडून दिली, कारण तिच्यावरचा गडी पुढून-मागून येतो, आणि साध्या हेडफोनमध्ये पुढचा आणि मागचा आवाज वेगळा दाखवणं हे वेगळंच दुखणं आहे.

तेव्हाचं साहित्य असं होतं: पायथन २.७ ही प्रोग्रामिंगची भाषा, तिच्यात खेळ लिहायची पायगेम १.९ ही लायब्ररी, आणि एनव्हीडीएला मजकूर वाचायला सांगणारी ३२-बिटी डीएलएल, म्हणजे विंडोजवर प्रोग्रामला जोडायची कोडची तयार फाइल. एनव्हीडीए चालू नसेल तर विंडोजच्या सॅपी आवाजाकडे वळायचं, अशी सोय मीच लिहिली होती. या सोयीनेच पुढे घात केला.

नमुना तयार झाला, शाळेच्या लॅबमध्ये चालला, मुलं खूश झाली. मग मार्च २०२० आला आणि शाळाच बंद पडली.

अडचण कशी समोर आली

२०२१ च्या शेवटी पुन्हा हात घातला तेव्हा पायथन २.७ चा आधार अधिकृतपणे संपून जवळजवळ दोन वर्षं झाली होती (१ जानेवारी २०२० हा शेवटचा दिवस). फक्त तेवढ्यासाठी मी हललो नसतो. चालणारी गाडी कोण उघडतो? पण शाळेतल्या संगणकाच्या सरांनी मधल्या काळात खेळ ‘मुलांचे खेळ’ अशा देवनागरी नावाच्या फोल्डरमध्ये हलवला होता, आणि तिथून तो उघडेचना. पायथन २ ला आपलाच पत्ता वाचता येत नव्हता. फोल्डरच्या नावाच्या जागी त्याला नुसती प्रश्नचिन्हं दिसत होती. मराठी खेळ मराठी नावाच्या फोल्डरमधून चालत नाही, हे मात्र मला सहन होईना.

तेव्हा नवीन लॅपटॉपवर पायथन ३.९ आणि पायगेम २ टाकलं, छपाईच्या आज्ञांना कंस लावले, मजकुराच्या एन्कोडिंगचे जुने जुगाड काढून टाकले. दोन रविवारांत खेळ उघडला. मेनू दिसला, बाण दाबले की निवड हलायला लागली, पावलं वाजली, गुण बोलले गेले. मी पॅकेज करून जोडीदाराला पाठवलं.

त्याचा फोन तासाभरात आला. “अरे, तुझा खेळ मुका झालाय. फक्त आकडे बोलतो.”

“म्हणजे?”

“म्हणजे ‘फाइव्ह’ म्हणतो, ‘थ्री’ म्हणतो. बाकी काही नाही. मेनूत काय आहे मला कसं कळणार?”

मी परत चालवून पाहिलं. खरंच होतं. मेनू पडद्यावर मराठीत दिसत होता म्हणून मी वाचत होतो आणि ऐकलं असं समजत होतो. प्रत्यक्षात बोलले जात होते फक्त गुण, कारण ते मी इंग्रजी अंकांत (1, 2, 3) लिहिले होते.

झालं असं होतं. नवीन पायथन ६४-बिटी, डीएलएल जुनीच, ३२-बिटी. ६४-बिटी प्रक्रियेत ३२-बिटी डीएलएल चढत नाही. विंडोज १९३ क्रमांकाची त्रुटी देतं, ‘वैध विन३२ ॲप्लिकेशन नाही’ अशा अर्थाची. पण ती त्रुटी कुणाला दिसलीच नाही, कारण माझ्या सोयीने ती गिळली आणि शांतपणे सॅपीकडे वळली. सॅपीचा ठरलेला आवाज इंग्रजी. त्याच्यापुढे देवनागरी ठेवली की तो भांडत नाही, चुकीचं वाचत नाही, फक्त गप्प बसतो. इंग्रजी 5 दिसला की ‘फाइव्ह’ म्हणतो.

दिसणाऱ्या खेळात काही तुटलं की काळा पडदा येतो, चित्र वेडंवाकडं होतं, कुणीतरी ओरडतं. श्राव्य खेळात तुटण्याचं रूप म्हणजे शांतता, आणि शांतता ही खेळातही अधूनमधून असायचीच. ती कुठली, हे कानाला लगेच कळत नाही. डोळसाला तर नाहीच, कारण त्याच्या समोर मजकूर असतो.

डीएलएल ६४-बिटी टाकल्यावर खेळ जोडीदाराकडे बोलायला लागला. अडचण संपली असं समजून मी पेन ड्राइव्ह कुरिअरने शाळेत पाठवला. सरांचा फोन आला, “अहो, हे उघडतच नाही. एपीआय, एमएस, विन, कोअर, पाथ असं काहीतरी सापडत नाही म्हणतंय.” सर स्वतः अंध आहेत. एनव्हीडीएने ते लांबलचक नाव तुकड्यातुकड्यांनी वाचलं आणि त्यांनी ते शब्दशः मला सांगितलं, यासाठी मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. स्क्रीनशॉट मागण्याचा प्रश्नच नव्हता.

शाळेतल्या बहुतेक यंत्रांवर विंडोज ७ होतं: सरांनी उघडून पाहिलं त्या यंत्रावर ६४-बिटी, बाकी बहुतेकांवर ३२-बिटी. पायथन ३.९ विंडोज ७ वर चालतच नाही. सरांनी नाव वाचलेली ती फाइल त्याला लागते, आणि ती विंडोज ८ पासून पुढेच आहे. माझी ६४-बिटी फाइल तर ३२-बिटी यंत्रांवर तशीही चालली नसती. हे शाळेला एक फोन करून आधी विचारता आलं असतं. मी विचारलं नव्हतं.

समोर असलेले पर्याय

जोडीदार आणि मी एक संध्याकाळ फक्त यावर बसलो. त्या वेळी हाताशी होतं ते असं.

जुन्यावरच राहायचं, म्हणजे २.७ वर, आणि सरांना सांगायचं की फोल्डरचं नाव इंग्रजीत ठेवा. सगळ्यात स्वस्त. जोडीदार या बाजूने होता, आणि त्याचा मुद्दा चुकीचा नव्हता: “मुलांना पायथन कितवा आहे याच्याशी काय करायचंय?” पण लायब्ररींच्या नव्या आवृत्त्या २.७ ला सोडत चालल्या होत्या, आणि पुढे दुसरं कुणी हा कोड हातात घेईल ही आशाही मग सोडावी लागली असती.

युनिटी या खेळ बनवायच्या तयार इंजिनात नव्याने लिहायचं. मला मोह होता, खोटं कशाला बोलू. पण त्या वेळी विंडोजवर युनिटीचा खेळ स्क्रीन रीडरला म्हणजे एक मोठी बंद पेटी होती. आत बटणं असतील, मजकूर असेल, एनव्हीडीएला दिसते ती फक्त खिडकी. वेगळी प्लगइन्स होती, तीही शेवटी आपणच बोलून दाखवण्याच्या मार्गाने जाणारी. म्हणजे एनव्हीडीएची डीएलएल तिथेही जोडावीच लागणार, ३२-६४ चा घोळ तिथेही तसाच, आणि वर शाळेच्या २ जीबी मेमरीच्या यंत्रांवर ते ओझं.

ब्लास्टबे गेम टूलकिट, ज्याला श्राव्य खेळवाले बीजीटी म्हणतात. अँजेलस्क्रिप्ट या भाषेवर बेतलेलं, अशाच खेळांसाठी बनवलेलं, हलकं, ३२-बिटी, जुन्या विंडोजवर छान चालणारं. पण त्यावरचं काम थांबलेलं होतं, आणि त्याच्यातून निघालेल्या एक्झी फाइलींना अँटिव्हायरस सर्रास विषाणू ठरवत. शाळेच्या लॅबमध्ये आपला खेळ ‘धोकादायक’ म्हणून पकडला जाणं मला नको होतं. (गंमत म्हणजे ते टळलं नाहीच. पुढे येतं.)

ब्राउझरमध्ये करायचं. हा पर्याय मी आजही पूर्ण फेटाळलेला नाही. इन्स्टॉलची कटकट नाही, वेब ऑडिओत आवाज डावी-उजवीकडे नेता येतो. पण एनव्हीडीए ब्राउझरमध्ये बाणाच्या कळा स्वतःकडे घेतो, पान ओळीओळीने वाचण्यासाठी. खेळाला त्या हव्या असतील तर त्या भागाला ‘ॲप्लिकेशन’ अशी भूमिका द्यावी लागते, आणि मूल चुकून त्यातून बाहेर पडलं की उडी मारायच्या ऐवजी पुढची ओळ वाचली जाते. नवशिक्या मुलाला हा फरक समजावणं म्हणजे खेळाआधी वेगळा वर्ग घेणं. शिवाय लॅबमध्ये इंटरनेट असून नसल्यासारखं.

पाचवा पर्याय अगदी रुक्ष होता: पायथन ३.८, ३२-बिटी. विंडोज ७ वर चालणारी ती शेवटची शाखा. देवनागरी पत्त्यांची अडचण सुटते, एनव्हीडीएची जुनी ३२-बिटी डीएलएल तशीच वापरता येते, आणि ३२-बिटी प्रोग्राम नव्या ६४-बिटी विंडोजवरही चालतो. नवीन काही नाही, मिरवण्यासारखं काही नाही. आम्ही हेच घेतलं.

जोडीदाराने तेव्हा एक अट घातली आणि ती निवडीपेक्षा मोठी ठरली. तो म्हणाला, “फ्रेमवर्क तू कुठलंही घे. पण खेळ चालू असताना यंत्राच्या आवाजावर एकही गोष्ट अवलंबून ठेवू नको.” म्हणजे मेनू, गुण, नाव टाकणं एवढं एनव्हीडीएने बोलावं. ‘पाटी ओलांडली’, ‘बाद’, ‘लोण!’ हे माणसाच्या आवाजात ध्वनिमुद्रित असावं. कारण मूल धावत असताना सतत कळा दाबतं, आणि एनव्हीडीए कळ दाबली की चालू बोलणं तोडतो. आम्ही तर हूल देण्यासाठी कंट्रोल कळ ठेवली होती, जी मुलं स्क्रीन रीडरला गप्प करायला वापरतात. प्रत्येक हुलीला खेळ अर्ध्या शब्दावर थांबत होता आणि मुलांना वाटत होतं की ही हुलीचीच गंमत आहे!

काय केलं

आवाजांची मुद्रणं एका दुपारी उरकली, जोडीदाराच्या बहिणीच्या आवाजात, कपाटातल्या गोधड्यांच्या आडोशाला. तिचं ‘लोण!’ इतकं खणखणीत आलं की पातळी दोनदा खाली आणावी लागली.

बोलण्याचा सगळा कोड एका लहान मॉड्यूलमध्ये गोळा केला. बाकी खेळाला एनव्हीडीए काय, सॅपी काय, ठाऊकच नाही. तो फक्त ‘हे बोल’ म्हणतो. आणि सोय आता गप्प राहत नाही. एनव्हीडीए सापडला नाही तर आधी बहिणीच्या आवाजात ‘स्क्रीन रीडर सापडला नाही’ असं वाजतं, मगच खेळ पुढे जातो. सॅपीला मजकूर देण्याआधी निवडलेला आवाज देवनागरी वाचणारा आहे का हे तपासतो. विंडोज १० वर हिंदी आवाज बसवलेला असेल तर तो मराठी वाचतो, ‘चमचा’ हिंदी वळणाने म्हणतो, पण निदान वाचतो.

शाळेतली काही यंत्रं ३.८ वरही अडली. पायथन ३.८ ने डीएलएल शोधण्याची पद्धत कडक केली. पूर्वी पाथमध्ये फोल्डर टाकलं की भागायचं, आता प्रत्येक फोल्डर नाव घेऊन सांगावं लागतं. हे सांगण्याची सोय विंडोज ७ मध्ये यायला केबी२५३३६२३ हे अद्यतन हवं. ज्या यंत्रांना वर्षानुवर्षं इंटरनेट लागलेलं नव्हतं, तिथे ते नव्हतं. अद्यतनाची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन मी एक शनिवार शाळेत काढला.

तिथेच अँटिव्हायरसने गाठलं. मी सगळा खेळ एका एक्झी फाइलमध्ये बांधला होता, सरांना सोपं जावं म्हणून. अशी फाइल चालू होताना स्वतःला तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते, आणि हे वागणं अँटिव्हायरसला संशयास्पद वाटतं. तीन यंत्रांवर फाइल माझ्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली. परत बांधताना एकाच फाइलऐवजी उघडा फोल्डर दिला. दिसायला पसारा, पण पुन्हा तक्रार आली नाही.

आता ज्या गोष्टीने सर्वांत जास्त वेळ खाल्ला, आणि जी कुठल्याही त्रुटीच्या संदेशात आली नाही, तिच्याकडे येतो.

सगळं चालायला लागल्यावर मुलं वारंवार बाद होऊ लागली. तीच मुलं, जी २०१९ मध्ये सहज पाच-सहा पाट्या ओलांडायची. दोन वर्षांत सराव गेला असेल, असं मी म्हटलं. एक मुलगी फारच ठाम होती: “दादा, तो लांब गेलेला असतो तेव्हाच मी मारते उडी. तरी बाद देतो.”

मी पडद्यावर पाहून खेळलो तर मला काहीच चुकीचं दिसेना. जोडीदाराने मॉनिटर बंद करून, डोक्यावर हेडफोन चढवून तीस-चाळीस फेऱ्या खेळल्या आणि प्रत्येक कळ कधी दाबली त्याची नोंद फाइलमध्ये पडू दिली. नोंद पाहिली. तो प्रत्येक वेळी खेळाच्या ‘योग्य क्षणा’च्या जवळजवळ २०० मिलिसेकंद आधी उडी मारत होता. एकदा नाही, दर वेळी, घड्याळ लावल्यासारखा.

मग मी जुना कोड उघडला आणि माझीच टिपणी सापडली: ‘का कोण जाणे, पण इथे २०० मिळवले की बरं वाटतं.’

पायगेम १.९ मध्ये आवाजाचा ठरलेला दर सेकंदाला २२,०५० नमुने आणि बफर, म्हणजे वाजवण्याआधी साठवून ठेवायचा आवाजाचा तुकडा, ४,०९६ नमुन्यांचा असतो. भागाकार केला की साधारण १८६ मिलिसेकंद होतात. म्हणजे खेळात गडी टोकाला पोचला तरी त्याचं पाऊल कानात पोचायला सेकंदाच्या जवळपास पाचव्या भागाइतका उशीर. २०१९ मध्ये मुलं त्या उशिरा आलेल्या आवाजावर उडी मारत, म्हणून उडी स्वीकारायची आमची खिडकी, म्हणजे उडी मान्य होण्याची वेळ, मी चाचपडत २०० मिलिसेकंद पुढे सरकवली होती, कारण न समजता. पायगेम २ ने हे ठरलेले आकडे बदलले: दर ४४,१०० आणि बफर ५१२. उशीर उरला १२ मिलिसेकंदांच्या आतबाहेर. आवाज आता वेळेवर येत होता, मुलं वेळेवर उडी मारत होती, आणि माझा खेळ अजूनही २०० मिलिसेकंद मागे उभा राहून त्यांना बाद ठरवत होता. म्हणजे पायगेम सुधारलं आणि आमचा खेळ बिघडला.

ते २०० काढून टाकले. मुलीला फोनवर कळवलं तेव्हा ती फक्त “मी सांगितलंच होतं” एवढं म्हणाली.

५१२ चा बफर मात्र शाळेच्या जुन्या यंत्रांना झेपेना. लाह्या फुटल्यासारखा आवाज यायला लागला. १,०२४ वर बहुतेक यंत्रं शांत झाली, उरलेल्या दोन यंत्रांसाठी सेटिंगमध्ये २,०४८ ची सोय ठेवली. तेवढा उशीर, सुमारे ४६ मिलिसेकंद, कानाला खटकत नाही. आता दर आणि बफर हे दोन्ही आकडे कोडमध्ये स्पष्ट लिहिलेले आहेत, आणि खिडकी त्यांच्यावरून मोजली जाते.

काय झालं

२०२२ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीआधी खेळ लॅबमधल्या सगळ्या यंत्रांवर बसला, एक सोडून. त्या एकाचं साउंड कार्डच गेलेलं होतं, त्याला आमचा इलाज नाही.

पहिल्या दिवशी दोन मुलं हताश होऊन बसली, गडी कुठे आहे कळतच नाही म्हणून. त्यांच्या हेडफोनची एक बाजू मेलेली निघाली. नुसत्या डाव्या-उजव्यावर उभा असलेला खेळ एका कानाने कसा खेळणार? तेव्हापासून खेळ सुरू होताना आधी डाव्या कानात टाळी वाजते, मग उजव्या, आणि मुलाने त्या त्या बाजूचा बाण दाबायचा असतो. तीस ओळींचा कोड. आम्ही केलेल्या सगळ्या कामात सरांना सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट हीच, कारण आता लॅबमधले बिघडलेले हेडफोन त्यांना आपोआप कळतात.

एक गोष्ट अर्धवट राहिली. अंशतः दिसणाऱ्या मुलांसाठी पडद्यावर मोठ्या अक्षरांत मजकूर होता, पण पायगेमचा फाँट देवनागरी नीट जोडत नव्हता. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसायची, जोडाक्षरं सुटी पडायची. आम्ही तो मजकूर चित्रं करून लावला. दिसतो छान, पण एक शब्द बदलायचा तर नवं चित्र काढावं लागतं. हा जुगाड आहे आणि मला तो आवडत नाही.

आज पुन्हा केलं तर

सगळ्यात आधी शाळेत जाऊन प्रत्येक यंत्राचं विंडोज, किती बिटी, मेमरी, एनव्हीडीएची आवृत्ती आणि हेडफोन, हे एका वहीत लिहून आणीन. फ्रेमवर्कची निवड त्या वहीतून व्हायला हवी होती. माझी झाली माझ्या नव्या लॅपटॉपवरून.

दुसरं म्हणजे स्थलांतर करताना एका वेळी एकच गोष्ट बदलीन. मी पायथनची आवृत्ती, बिटांची रुंदी आणि पायगेम हे तिन्ही एका झटक्यात बदललं. मग शांतता आली तेव्हा कुणामुळे आली हे शोधायला तिन्हींची झडती घ्यावी लागली. आवृत्त्यांची नावंही आता एका फाइलमध्ये पक्की बांधून ठेवतो.

सॅपीकडे वळायची ती सोय लिहिणं चूक होतं असं मी म्हणणार नाही, इथे जोडीदाराचं आणि माझं मत वेगळं आहे. तो म्हणतो, एनव्हीडीए नसेल तर खेळाने थेट बंद पडावं. माझ्या मते मुलाच्या घरच्या यंत्रावर स्क्रीन रीडर नसेल तरी खेळ चालायला हवा. तडजोड म्हणून खेळ चालतो, पण आधी ओरडून सांगतो.

मॉनिटर बंद करून चाचणी घेणं ही मात्र वादाची गोष्ट नाही. मी ती आठवड्यातून एकदा करतो, जोडीदाराला पाठवण्याच्या आधी. पहिल्या वेळी मला मेनूतून बाहेरही पडता आलं नव्हतं.

आणि पर्यायांचं पारडंही आता तसं राहिलेलं नाही. गोडो इंजिनला चारच्या आवृत्तीपासून यंत्राच्या आवाजात बोलता येतं आणि ४.५ पासून ॲक्सेसकिट या लायब्ररीच्या आधाराने त्याचा इंटरफेस स्क्रीन रीडरला दिसू लागला आहे, प्रायोगिक स्वरूपात का होईना. बीजीटीच्या वाटेने चालणारं, खुल्या स्रोताचं एनव्हीजीटी २०२४ मध्ये आलं. दुसरीकडे एनव्हीडीएने २०२४.१ पासून विंडोज ७ सोडलं, म्हणजे शाळेतली जुनी यंत्रं त्याच्या जुन्या आवृत्तीवर अडकली आहेत. आज नव्याने सुरुवात केली असती तर मी गोडोकडे गेलो असतो, जोडीदार एनव्हीजीटीकडे. शाळेतली निम्मी यंत्रं बदलेपर्यंत तरी आम्ही दोघंही ३.८ वरच आहोत.

सुरपाटी अजून बाकी आहे. मागून येणाऱ्या गड्याचं पाऊल थोडं जाड, खालच्या सुरात वाजवायचं, ही श्राव्य खेळांतली जुनी रीत करून पाहिली, मुलांना दोन दिवसांत समजली. पण त्या ठाम मुलीची मागणी वेगळीच आहे. तिला मैत्रिणीसोबत एकाच यंत्रावर खेळायचंय, एकाच हेडफोनची एकेक बाजू कानाला लावून. डावा कान एकीचा, उजवा दुसरीचा. मग गडी डावीकडे पळतोय की उजवीकडे, हे दोघींनाही कळायचं कसं, यावर आमचं डोकं सध्या चालू आहे.